सालवडच्या आंब्याखाली टेकलेली कावड

त्या शिमग्याला चार कावडी निघाल्या आणि तीन पोचल्या. न पोचलेली माझी. गावात हे आठवणारे दोन-चार म्हातारे अजून शिल्लक आहेत. त्यातला एक तर मी रस्त्यात दिसलो की आजही आपला खांदा चोळून दाखवतो आणि हसतो. त्याच्या तोंडून लोकांनी अर्धंमुर्धं ऐकण्यापेक्षा मीच पुरतं लिहिलेलं बरं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही पावसाळ्यातच जास्त, कारण होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की घरात बसून काय करायचं. तेव्हा वाचणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नये. यमुना, माझी बायको, असती तर वही बघून म्हणाली असती, ‘झालं, आता जगाला दाखव तुझी फजिती.’ आता म्हणायला ती नाही. म्हणून लिहितो.

आमचं मुरबे समुद्राला लागून. होळीला मधोमध उभं करायला एक उंच, सरळ झाड लागतं, आणि आमच्याकडे काय, तर वाळू, भरतीला बुडणारं खाजण आणि ताडाची झाडं. ताड कोणी तोडत नाही, ताडी कोण सोडतो? डोंगरातल्या लोकांकडे झाडं होती आणि सणाला त्यांना आमची मासळी लागायची. त्यातून ही चाल पडलेली. होळीच्या दिवशी सकाळी ओहोटी असते. तेव्हा आमच्या चारही पाड्यांनी आपला एकेक गडी उभा करायचा, त्याच्या खांद्यावर मासळीच्या दोन टोपल्यांची कावड, आणि खाजणातून, शेतांमधून, सालवडवरून त्याने थेट बोईसरचा बाजार गाठायचा. तिथे डोंगरातली माणसं चार झाडं घेऊन बसलेली असायची. जो पहिला पोचेल त्याचा पाडा पहिलं झाड निवडणार, शेवटच्याला उरेल ते. पण एक नियम पक्का होता. वाटेत कावड भुईला टेकली की संपलं. ती पुन्हा उचलायची नाही, आणि त्या पाड्याला त्या वर्षी झाड नाही. मग होळी कशाची करायची ते तुमचं तुम्ही बघा.

विशीतला असेन मी. वल्हं मारून मारून खांदे असे झाले होते की सदरा शिवणाऱ्याने कापड जास्त मागितलं होतं. पाड्याने मला उभं केलं तेव्हा कोणी नाही म्हटलं नाही. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत बाबा दिवसभर जाळं दुरुस्त करत बसायचे. दोरा ओढताना त्यांच्या दातांतून बारीक शीळ निघायची. त्या शिळेवरून मला कळायचं की आज बोलावं की गप्प बसावं. आई पहाटेच मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरला जायची, दुपारी परत यायची आणि आल्या आल्या चूल. बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि काही नसेल तर सुकट भाजून वर कच्चा कांदा. घरभर सुकटीचा वास असायचा. आता माझ्या घरात तो वास नाही. सून म्हणते शेजारी तक्रार करतात. शेजारी कोण, तर सालवडच्या कारखान्यातले साहेब. तो वास गेला तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, यमुना गेल्यावर वाटलं.

तर कावड. बाबांनी माझ्यासाठी बांबू काढून ठेवला होता, जुना, मधोमध उभा चिरलेला, दोन्ही टोकांना झुकणारा. मी तो हातात घेऊन वाकवला आणि बाजूला ठेवला. “वाकतो हा,” मी म्हटलं.

“वाकायलाच हाय तो,” बाबा म्हणाले.

मी ऐकलं नाही. माझं एक वल्हं होतं, चांगल्या जड लाकडाचं. त्याचं पातं फुटलं होतं पण दांडा तसाच होता, माझ्याच हातांनी गुळगुळीत झालेला. दोन पावसाळ्यांआधी वादळात त्या वल्ह्याने आम्हाला परत आणलं होतं. मी त्याचीच कावड केली. माझं डोकं असं चाललं की जे समुद्रात मोडलं नाही ते रस्त्यावर काय मोडणार. ते मोडलं नाहीच. मोडलो मी.

सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे होतो हे खरं आहे, ते मी सोडणार नाही. खाजणातली ओली वाट मी उड्या मारत काढली. मागे यमुनाचा भाऊ नारायण होता, शेजारच्या पाड्याचा. तो ओरडला, “अरे हऱ्या, गाडी सुटत नाय, हळू!” मी मागे वळून हसलो. पण शेतं लागली आणि टोपल्या माझं ऐकेनात. बांबू वाकतो, पावलाबरोबर खाली-वर होतो, ओझं थोडं तो झेलतो. वल्ह्याचा दांडा काही झेलत नव्हता. प्रत्येक पावलाला दोन्ही टोपल्यांचा दणका सरळ मानेच्या मुळाशी. खांदा बदलायचा म्हटलं तर मला बदलता येईना. होडीत आपण बसून वल्हं मारतो, ओझं चालत्या पायांनी या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यायची विद्या होडीतल्या माणसाला कुठली? सालवडच्या आंब्यापाशी तिघेही मला ओलांडून गेले. तिथे माझा उजवा हात कोपरापासून मेल्यासारखा झाला आणि गुडघे वाकले. मी ठरवून ठेवली नाही. पण टेकली. टोपलीच्या बुडाचा मातीवर झालेला आवाज फार मोठा नव्हता.

मी तिथेच बसलो. तारापूरला तेव्हा मोठं काम निघालं होतं, कुठून कुठून माणसं आली होती. त्यातले पाच-सहाजण रस्त्याने कामाला निघालेले. एकाने टोपलीत वाकून बघितलं. “क्यों भाई, मच्छी बेचता है क्या?” मी मान हलवली. “फिर बैठा क्यों है?” मी टोपली त्याच्याकडे सरकवली. मी म्हटलं, “ले जाव.” त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी टॉवेलात, डब्यात, मिळेल त्यात मासळी भरली आणि जाताना एकाने माझ्या पाठीवर थाप मारली, ‘भगवान भला करेगा’ म्हणाला. आख्ख्या पाड्याची सणाची मासळी मी रस्त्यात वाटून टाकली.

दुपारी आमच्या पाड्याची माणसं बोईसरहून परत आली, झाड न्यायला गेलेली, मोकळ्या हातांनी. त्यांत बाबा होते. त्यांनी मला पाहिलं, रिकाम्या टोपल्या पाहिल्या, वल्हं पाहिलं आणि चालणं न थांबवता पुढे गेले. शिव्या घातल्या असत्या तर मी मानगुटीवर घेऊन घरी गेलो असतो. ते नुसते गेले.

त्यांच्या मागून बाजारातल्या बाया आल्या, रिकाम्या पाट्या काखेत मारून. आई त्यात नव्हती, सणाचं घरी बघायला ती थांबली होती. यमुना होती. तोंडओळख होती आमची, जास्त काही नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली.

“तुमच्या वाट्याचं झाड डोंगरातल्या लखमाकाकाने आणलेलं. दुपार चढेपर्यंत बसलेला, बाकीचे गेले तरी,” ती म्हणाली. “मग परत नेलंन डोंगरात. येवढं झाड, येकटा.” मग तिचं लक्ष दांड्याकडे गेलं. “ह्ये वल्हं हाय ना?”

“हो.”

“होडी कुठं ठेवलीस?”

मागच्या बाया हसल्या. मी पण हसलो असतो, पण तसं तोंड वळेना.

त्या वर्षी आमच्या पाड्याची होळी पुरुषभर उंचीची सुद्धा झाली नाही. ताडाच्या झावळ्या, फुटक्या फळ्या, एक मोडकी डोलकाठी. बाकीच्या तीन होळ्यांच्या ज्वाळा आमच्या घरांच्या वर दिसत होत्या. आईने माझ्यापुढे पुरणपोळी ठेवली. मी हात लावला नाही. “खा,” ती म्हणाली, “तू उपाशी ऱ्हायलास म्हनून झाड चालत येनार हाय काय?” बाबांच्या दातांतली शीळ त्या दिवसापासून बंद झाली. माझ्याशी बोलायचे ते कामापुरतं.

पावसाळा लागून होड्या वर ओढल्या तेव्हा मी एक गोष्ट केली, जी आमच्यात कोणी पुरुष करत नसे. मासळी आणायची आम्ही, विकायची बायांनी, असं आमचं ठरलेलं. ओझं घेऊन बोईसरला जाणं ही बायांची विद्या. मी एका सकाळी बाबांचा बांबू घेतला, दोन्ही टोकांना सुक्या बोंबलांची गाठोडी बांधली, वर पळसाच्या पानांची झाकणं, आणि आईच्या मागे उभा राहिलो. आईने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “मागं ऱ्हा,” एवढंच म्हणाली. नाक्यावर बसलेली पोरं ओरडली, “हऱ्या, बांगड्या इसरलास!” रोज ओरडायची. महिनाभराने कंटाळली.

पहिले आठ दिवस बाया बेटेगावच्या, सालवडच्या, बोईसरच्या गोष्टी बोलत पुढे निघून जायच्या आणि मी मागे धापा टाकत. एक दिवस यमुना मागे राहिली. म्हणाली, “तू पाय आपटतोस. होडीच्या फळीवर असल्यासारखा.” मग तिने डोक्यावरची पाटी तशीच ठेवून चालून दाखवलं. गुडघा थोडा वाकलेला, पाऊल जमिनीला घासून जाणारं, कमरेवरचं अंग जसं पाण्यावर ठेवलेलं. ना चालणं, ना धावणं, मधलंच काहीतरी. “बांबू वर जाईल तवा पाय उचल. त्याच्या आधी नाय.” खांदा बदलणं मात्र तिला सांगता येईना, कारण ती डोक्यावर वाहणारी. ते मला डोंगरातल्या लखमाने शिकवलं. बाजारात मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं, “काका, मागच्या शिमग्याला तुला बसवून ठेवलं तो मी.” मला वाटलं थुंकेल. त्याने माझा बांबू हातात घेऊन वाकवला, मान हलवली आणि तिथेच बाजारात, पावसात, मानेच्या मागून बांबू कसा फिरवायचा ते दाखवलं. मी माझी पहिली गाठोडी तिथल्या चिखलात दोनदा पाडली. तो हसून हसून खोकला.

मी एकदा यमुनाला विचारलं, “तुझाच भाऊ पळतो तिकडून, आणि तू मला सांगतेस?”

“नारायणला हरवायला कोन सांगते तुला? तो हरत नाय,” ती म्हणाली. “तू पोच. बास.”

इथे एक सांगतो. यमुना वारल्यावर चार महिने मी घराबाहेर पडलो नव्हतो. पडवीत बसायचो, जेवण पुढे आलं तर जेवायचो. आता रोज सकाळी समुद्रापर्यंत जातो आणि येतो. कोणाच्या सांगण्यावरून नाही. एक दिवस उठलो, दाराबाहेर पाऊल टाकलं आणि गुडघा आपोआप तसा वाकला, बायांच्या चालीसारखा. पायांना आठवतं. तिथून पुढे जमलं.

पुढचा शिमगा जवळ आला तेव्हा पाड्याची बैठक बसली. मी उभा राहून म्हटलं की यंदाही कावड मला द्या. मग पाटील म्हणाले, “हरेश्वर, तुझ्यावर राग नाय. पन पोरं इचारतात, आपली होळी येवढीशी का? काय सांगू त्यांना, दुसऱ्यांदा?” मला हे पटलं. हेच तर होतं. हरलो असतो तर वेगळं, पण मी पाड्याच्या पोरांची होळी खाल्ली होती, आणि पुन्हा टेकली तर गावात मला कोणी काही धरायला दिलं नसतं, होडीची दोरीसुद्धा नाही. मी बसणार होतो. तेवढ्यात मागून, बाया उभ्या होत्या तिथून, आई बोलली. बैठकीत बाया बोलत नसत. “पावसाळाभर आमच्या मागून तो बोईसरला येतो, आनि होड्या दर्यात गेल्या तरी नाखव्याने सुट्टी दिली की येतो. कदी टेकली नाय त्याची. तुमच्यात कोन हाय असा, जो येकदा तरी गेला? उठा. जो उठंल त्याला देते मी कावड.” कोणी उठलं नाही. बाबा खाली बघून दोरा ओढत होते. पाटलांनी बाबांना विचारलं, “तुजं काय?” बाबा म्हणाले, “आता बांबू घेतो तो.” हे माझ्याबद्दल वर्षभरात त्यांनी चारचौघांत काढलेलं पहिलं वाक्य.

होळीच्या सकाळी मी निघालो तो शेवटून पहिला. मुद्दामच. खाजणात तिघे उड्या मारत गेले, मी पाऊल घासत. मागून पोरं ओरडली, पण मी बांबूकडे कान लावून होतो. तो चांगला वाजायला लागला की एक बारीक करकर येते, पावलाच्या ठेक्यात. शेतं संपेपर्यंत करकर सुटली नाही. सालवडचा आंबा दिसला तेव्हा मात्र मी बांबू घट्ट धरला. आंब्याखाली कामावर जाणारी तीच मंडळी बसलेली, बिडी ओढत. एक उठून उभा राहिला. “अरे, ये तो वोही है! मच्छीवाला! आज भी देगा?”

“आज नाय!” मी ओरडलो. त्यांना काय समजलं कोणास ठाऊक, पण सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले आणि एकजण माझ्या बाजूने थोडा पळालाही.

आंबा मागे पडला आणि पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. तारापूरच्या कामासाठी रस्ता रुंद करत होते आणि आदल्याच दिवशी, बाया बाजारातून परतल्यावर, त्यावर खडी टाकली होती. पार बोईसरपर्यंत. टोकदार, ताजी फोडलेली. बाकीचे तिघे रस्ता सोडून शेतात उतरले, मला त्यांच्या टोपल्या बांधांवर वर-खाली होताना दिसत होत्या. मीही उतरणार होतो. पण भेगा पडलेल्या शेतात कापलेल्या भाताची धसकटं, आणि ओझं असताना वाट सोडायची नाही हे बायांचं ठरलेलं. मी खडीवरून गेलो, अनवाणी. थोड्या वेळाने मागे बघितलं तर ठसे लाल होते. खांदा बदलला. पुन्हा बदलला. बांबूची करकर चुकायला लागली. इथे ठेवावी असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. मग मला आठवलं की बाया या वाटेने गप्प कधीच जात नाहीत. सुनेची, जावेची, गिऱ्हाइकाची, कोणाची ना कोणाची खरडपट्टी चालू असते, आणि तोंड चालू असलं की वाट सरते. म्हणून मी मोठ्याने त्या खडी टाकणाऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली. त्याच्या बापाला, त्याच्या गाढवांना, त्याच्या हातोड्याला. त्या संपल्यावर नारायणला दिल्या, वल्ह्याला दिल्या, मग माझ्या स्वतःच्या डोक्याला. समोरून एक बैलगाडी आली, गाडीवानाने घाबरून बैल बाजूला घेतले. शिव्या संपत आल्या तेव्हा बाजाराचा पिंपळ दिसला.

तिन्ही झाडं गेली होती. चौथं होतं. त्याच्यावर लखमा बसला होता, आणि आमच्या पाड्याची माणसं आजूबाजूला उभी. नियमाप्रमाणे कावड डोंगरातल्या माणसाने उतरवून घ्यायची असते. लखमाने दोन्ही टोपल्या खालून धरल्या, दुसऱ्या कोणी बांबू उचलला, पण माझी बोटं सुटेनात. लखमाने एकेक बोट धरून सरळ केलं, लहान पोराचं करतात तसं. “बस्स. पोचलास तू,” तो म्हणाला. त्याने टोपलीतला एक पापलेट उचलून डोळा बघितला, ताजा होता. झाड सगळ्यात बारीक होतं, मधे थोडं वाकलेलं. पण उंच होतं, चांगलं उंच. बाबांनी वाकून माझे तळवे बघितले. मग डोक्याचा रुमाल सोडला, मधोमध फाडला आणि दोन्ही पायांना बांधला. गाठ मारताना त्यांच्या दातांतून बारीक शीळ येत होती.

मी तिथेच पिंपळाखाली आडवा झालो. डोंगरातल्या बायांनी तीन दगडांवर मासळी रटरटत ठेवली होती. मला वास आला, पण उठवलं तरी मी उठलो नाही म्हणतात. जाग आली तेव्हा ऊन कललं होतं, बाजार उठला होता. आमची माणसं झाड खांद्यावर घेऊन केव्हाच पुढे गेली होती. माझ्या बाजूला पानावर भात आणि मासळीचा तुकडा झाकून ठेवलेला. आणि थोड्या अंतरावर, रिकाम्या पाटीवर बसून, यमुना विड्याचं पान खात होती. तिच्या पाड्याला पहिलं झाड मिळालं होतं, ती त्यांच्याबरोबर गेली नव्हती.

“खाऊन घे,” ती म्हणाली. “भरती उतरलीय. खाजणातून जायला मिळेल.”

मी खाल्लं. उठायला दोन खेपा लागल्या. तिने हात दिला नाही, पाटी काखेत मारली आणि निघाली. खडीचा रस्ता सोडून तिने आडवाट घेतली, मऊ धुळीची, मला आधी कधी माहीत नसलेली. ती पुढे, मी मागे लंगडत, दोन-तीन होड्यांचं अंतर ठेवून. तिने एकदाही वळून बघितलं नाही. जिथे माझं अंतर वाढायचं तिथे तिचं पाऊल आपोआप हळू व्हायचं, आणि मी जवळ आलो की पुन्हा चालायला लागायची.